थोरल्या बाईंची पोकळी

संस्थेत त्यांना थोरल्या बाई आणि धाकट्या बाई म्हणत. नात्याने सासू-सून, कामाने दोघी क्ष-किरणांच्या दुर्बिणीवर. दुर्बीण पृथ्वीभोवती फिरत असे, आणि त्या दोघी घरातल्या जेवणाच्या टेबलाभोवती. "एका घरात दोन खगोलशास्त्रज्ञ म्हटल्यावर शेजाऱ्यांनी पडदे ओढूनच बसावं," असं संचालक प्रत्येक पाहुण्याला सांगत आणि पाहुण्याच्या आधी स्वतःच हसत.

सून घरात त्यांना आई म्हणे, संस्थेत मॅडम. घरापासून संस्थेच्या फाटकापर्यंत कुठेतरी हा बदल व्हायचा. नेमका कुठे, हे बाईंना पुष्कळ लक्ष ठेवूनही सापडलं नव्हतं. मुलगा दाताचा डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावायचा आणि घरी आला की स्वतःचं मिटून घ्यायचा. या दोघींच्या मधे बसून जेवायचं तर दुसरा उपाय नाही, हे त्याने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं.

थोरल्या बाईंचं नाव एका पोकळीमुळे झालं होतं. आकाशात एका ठिकाणी फुटलेल्या ताऱ्याचा ढग आहे. तारा असा फुटला की मधोमध त्याचा आवळलेला, मेलेला गाभा उरायला हवा, आणि मंद का होईना, तो क्ष-किरणांत दिसायला हवा. बाईंनी तरुणपणी तिथे कसून शोध घेतला आणि मधे काहीही नाही असं दाखवून दिलं. मग ते का नाही याचा खुलासा करण्यात जगभरच्या लोकांची हयात गेली. त्या रिकाम्या जागेला बाईंची पोकळी असं नावच पडलं. लोक काही शोधून मोठे होतात, या काही न सापडून मोठ्या झाल्या, असं त्यांच्या मागे बोललं जायचं, पण मागेच. पुढे बोलायची कुणाची छाती नव्हती, कारण त्या कधी चुकत नसत.

सुनेची नोकरी वर्षावर्षाच्या मुदतीवर चालली होती. आता बऱ्याच वर्षांनी संस्थेत एक कायमची जागा निघाली होती, आणि वयाच्या अटीत बसण्याची तिची ही शेवटची खेप होती. ही गेली तर दुर्बीणही गेली. अर्जदाराने सगळ्यांसमोर आपलं काम मांडायचं आणि त्याच दिवशी समितीने निर्णय घ्यायचा, असा शिरस्ता होता. समितीत थोरल्या बाई नव्हत्या. सुनेचा अर्ज आहे म्हटल्यावर त्यांनी आपणहून अंग काढून घेतलं होतं आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकही झालं होतं.

अशात एका संध्याकाळी सुनेने टेबलावरची भांडी बाजूला सारली आणि लॅपटॉप सासूकडे वळवला.

"आई, जरा बघा ना."

पडद्यावर तो ढग होता. आणि मधोमध, जिथे काही नसण्यावर बाईंची सगळी कारकीर्द उभी होती, तिथे एक ठिपका होता.

"सगळी निरीक्षणं एकत्र केली," सून म्हणाली. तिचा आवाज तिच्याही नकळत खाली आला होता. "तुमच्या वेळची धरून. नंतरची लहान लहान कुणी वापरलीच नव्हती, तीही घेतली. एकेकट्यात काही नाही. बेरीज केली की हे येतं."

बाईंनी चष्मा पुसला. सुनेला वाटलं डोळे भरून आले असावेत.

काम तसं सरळ असतं. दुर्बिणीला आपण कुठे बघतोय ते बऱ्यापैकी कळतं, पण केसभर चूक राहतेच, आणि दर खेपेला ती वेगळ्या बाजूला असते. म्हणून निरनिराळ्या वर्षांची निरीक्षणं एकावर एक ठेवण्याआधी प्रत्येक थोडं सरकवावं लागतं. ज्यांची जागा पक्की माहीत आहे असे आजूबाजूचे तारे धरायचे, ते आपापल्या जागी बसेपर्यंत चित्र हलवायचं, की झालं. मग पुढचं. सगळी जुळली की बेरीज करायची. क्ष-किरण एकेक कण करून येतात, एखाद्या निरीक्षणात मंद ताऱ्याचे दोन-चारच येतील. पण जुळवणी नीट असेल तर त्या दोन-चारांचा एका जागी ढीग होतो.

बाईंनी चष्मा लावला आणि ठिपक्याकडे पाहिलं, मग शेजारच्या ताऱ्यांकडे. तारे जरा पसरट होते. दुर्बिणीचा आरसा कोणत्याही ताऱ्याला तेवढं पसरवतोच, त्याला इलाज नाही. मधला ठिपका मात्र सुईच्या टोकासारखा होता. इतकं बारीक टोक त्या आरशाला काढताच येत नाही.

"कुठलं चित्र किती सरकवलंस, तो तक्ता दाखव."

सुनेने दाखवला. लांब निरीक्षणं शहाण्यासारखी थोडी थोडी सरकली होती. लहान मात्र दाही दिशांना उधळली होती. बाईंना पुढचं काही विचारावं लागलं नाही. लहान निरीक्षणांत धरायला तारे पुरले नव्हते, म्हणून सुनेने तो मधला ठिपकाही धरायच्या ताऱ्यांत घेतला होता. बाकीचे मंद, म्हणून सगळी ओढ त्याचीच. जिथे तारा हवा तिथे जवळपासचा कुठलाही भटका कण येऊन बसेपर्यंत प्रत्येक चित्र सरकत राहिलं होतं, आणि मग प्रत्येक चित्रात तिथे कण होता.

आणि बाईंना आठवलं. काही आठवड्यांपूर्वी त्या याच टेबलाशी वाटाणे सोलत बसल्या होत्या. सून दारात उभी राहून म्हणाली होती, "आई, लहान निरीक्षणांत तारेच पुरत नाहीत हो. काय करू?" त्यांनी मान वर न करता सांगितलं होतं, "जे हाताशी आहे ते धर." तेव्हा त्यांचं लक्ष एका किडक्या शेंगेत होतं.

आता लक्ष पूर्ण होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"सुंदर आहे," बाई म्हणाल्या.

"खरंच? मला वाटलं तुम्ही... म्हणजे तुमची पोकळी..."

"पोकळी काय माझ्या माहेरची आहे? भरली तर भरली." त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "फक्त एक कर. हा सरकवण्याचा तक्ता मांडू नकोस. समितीतली माणसं या विषयाबाहेरची, लगेच जांभया देतात. चित्र दाखव, ठामपणे बोल. तू फार ‘बहुधा, बहुधा’ करतेस. बायकांनी ‘बहुधा’ म्हटलं की पुरुष ‘नाहीच’ असं ऐकतात."

सून हसली. मग तिने वाकून सासूच्या खांद्यावर क्षणभर डोकं टेकवलं. असं ती पूर्वी कधी करत नसे. बाई ताठ बसून राहिल्या, डोकं उचललं जाईपर्यंत.

पुढच्या आठवड्यात थोरल्या बाईंनी आपल्या खोलीत दार लावून थोडं काम केलं. त्याच चित्रांतला, पण ढगाच्या बाहेरचा, आकाशाचा एक कोरा कोपरा घेतला. तिथे कुठल्याही दुर्बिणीला कधी काही दिसलेलं नव्हतं. सुनेची तीच निरीक्षणं घेतली, तीच पद्धत वापरली, आणि त्या कोऱ्या कोपऱ्यात मधोमध एक तारा उगवला. टपोरा, सुनेच्या ताऱ्यापेक्षा ठळक. ते चित्र त्यांनी पेन ड्राइव्हवर घेतलं आणि पर्समध्ये, औषधाच्या गोळ्यांच्या कप्प्यात ठेवून दिलं.

घरी सून आरशासमोर उभी राहून भाषणाची तालीम करायची. बाई तिला मधे थांबवून उच्चार सुधारून द्यायच्या, खांदे ताठ ठेवायला सांगायच्या, चहा करून हातात द्यायच्या. एकदा जेवताना मुलाने तोंड उघडलं. "आई, तू हिची एवढी काळजी घेतेस, मला भीती वाटायला लागली आहे."

"तू दात बघ," बाई म्हणाल्या.

भाषणाच्या सकाळी सभागृह भरलं होतं. समिती पहिल्या रांगेत. तिच्यात दुसऱ्या संस्थेतून आलेले एक जाड मिशीचे प्राध्यापक होते. ते चित्रांपेक्षा माणसांकडे जास्त बघत. सून छान बोलली. एकदाही बहुधा म्हणाली नाही. शेवटी तिने तो ठिपका भिंतभर मोठा करून दाखवला आणि म्हणाली, "ज्या जागेला आपण सगळे पोकळी म्हणत आलो, ती पोकळी नाही. तिथे मेलेला तारा आहे. याबद्दल मला शंका नाही." टाळ्या पडल्या. संचालकांनी मागे वळून थोरल्या बाईंकडे पाहिलं, लग्नात वरमाईकडे बघतात तसं.

बाईंनी हात वर केला.

"एक लहानशी शंका आहे. लहान निरीक्षणं जुळवताना कोणकोणते तारे धरले?"

"मॅडम, उत्तरेकडचा जोडतारा. आणि खालच्या बाजूचा एक."

"ते लहान निरीक्षणांत दिसतात?"

"मंद दिसतात."

"मग आणखी काय धरलं?"

सुनेने पडद्याकडे पाहिलं. बहुतेक तिथेच, त्या क्षणी, तिला ते कळलं. बाईंना तिच्या मानेवरून ते कळताना दिसलं.

"मधला," ती म्हणाली.

"मधला म्हणजे कोणता?"

"जो शोधायचा होता तो."

"ज्याला शोधायचं, त्यालाच धरून जुळवलं?"

"हो, आई."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. सुनेचे कान लाल झाले. फाटकाच्या आत तिच्या तोंडून हा शब्द आजवर कधी गेला नव्हता.

"संचालकांची हरकत नसेल तर एक चित्र दाखवते," बाई म्हणाल्या आणि पर्स उघडली. पेन ड्राइव्ह सुनेच्याच हातात दिला. लावायला तिलाच लावला. भिंतीवर कोरा कोपरा आला, आणि त्यात टपोरा तारा.

"ही जागा रिकामी आहे. यात वाद नाही. तरी इथे आमच्या धाकट्या बाईंच्या ताऱ्यापेक्षा ठळक तारा आहे, कारण पद्धत तीच वापरली आहे." त्या सभागृहाकडे वळल्या. "वाटाणे सोलून ताटांत टाका. मग एकेक ताट असं सरकवा की एक तरी वाटाणा मधोमध यावा. आणि मग ओरडून सांगा, बघा, प्रत्येक ताटाच्या मधोमध वाटाणा आहे."

सभागृह खदखदून हसलं. सून हसली नाही. ती सासूकडे बघत होती. वाटाण्यांचं ते ताट तिलाही आठवलं होतं, हे बाईंना स्पष्ट दिसलं. ‘तुम्हीच सांगितलंत’ एवढं ती म्हणाली असती तर बाईंकडे उत्तर तयार होतं: मी ताऱ्यांबद्दल बोलत होते, असल्या खेळाबद्दल नाही. त्या वाट बघत राहिल्या.

मिशीवाले पुढे झुकले. "चित्रं किती सरकवली याचा तक्ता असतो ना? तो तुमच्या भाषणात नव्हता."

"नव्हता."

"केला नव्हता?"

"केला होता."

"मग दाखवला का नाही?"

या वेळी ती सासूकडे बघतही नव्हती. तिची नजर टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यावर होती. उत्तर एका वाक्याचं होतं आणि ते म्हटलं असतं तर घराची अब्रू पहिल्या रांगेत मांडली गेली असती. तिने पेला उचलला, पाणी न पिता खाली ठेवला.

"वेळ कमी होता," ती म्हणाली.

चूक केलेला माणूस एक वेळ नोकरीवर घेतात. चूक लपवणारा घेत नाहीत. मिशीवाल्यांनी टोपण लावून पेन खिशात घातलं.

दुपारी संचालक बाईंच्या खोलीत आले आणि उभेच राहिले.

"बाई, आज तुम्ही काळजावर दगड ठेवलात. घरचं माणूस, आणि तरीही. सगळे तेच बोलताहेत."

"विज्ञानात घरचं-बाहेरचं नसतं."

"ते आहेच. पण एक विचारतो. जुळवणी चुकली, मान्य. नीट जुळवलं तर काही उरतं का? समिती चारला बसते. उरत असेल तर मी मिशीवाल्यांची समजूत घालतो. पोर प्रामाणिक आहे हो, घाबरून गप्प बसली. तुम्ही सांगाल ते मला पुरेसं आहे."

"बघून सांगते," बाई म्हणाल्या.

बघायची त्यांना गरज वाटत नव्हती. पण ‘बघून सांगते’ म्हटलं की त्या बघत. हीच त्यांची ख्याती होती.

त्यांनी लहान निरीक्षणांच्या तारखा काढल्या, आणि पहिल्याच नजरेत त्यांना एक गोष्ट दिसली. ती लहान निरीक्षणं स्वतंत्र नव्हतीच. एका लांब निरीक्षणाचे ते तुकडे होते, एकापाठोपाठ एक घेतलेले. मधे दुर्बीण दुसरीकडे वळलीच नव्हती. म्हणजे दिशेची चूक सगळ्यांत एकच. म्हणजे आधी ते तुकडे जसे आहेत तसे एकत्र करायचे. मग तारे ठळक होतात, धरायला पुरतात, आणि मधल्या ठिपक्याला हात लावावा लागत नाही. शिकाऊ पोरालाही सांगितल्यावर कळेल असं होतं. सांगायला मात्र कुणीतरी हवं.

त्यांनी तुकडे जोडले. आजूबाजूचे तारे धरून जुळवलं. बेरीज लावली, आणि थर्मासमधला चहा ओतून घेतला.

चहा निवला. पडद्यावर ढग होता आणि मधे, सुनेने दाखवलेल्या जागेपासून जरासा डावीकडे, एक ठिपका होता. सुईचं टोक नव्हतं हे. मंद, पसरट, शेजारच्या ताऱ्यांइतकाच पसरट. आरशाने काढावा तसा. बाईंनी तेच कोऱ्या कोपऱ्यात करून पाहिलं. तिथे काही उगवलं नाही. दुसऱ्या कोपऱ्यात पाहिलं, तिसऱ्या. ते कोपरे कोरेच राहिले, आणि ढगाच्या मधला ठिपका जिथे होता तिथेच राहिला.

मेलेला तारा तिथे होता. बाई तरुण होत्या तेव्हाही होता.

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी वाटाण्यांचा विनोद दुसऱ्या कुणाला सांगत होतं, आणि तो ऐकताना त्यांना पहिल्यांदा वाटलं की आपण सकाळी तो जरा लांबवला. विनोद चांगला होता, पण ‘मग’ दोनदा आलं. मग त्यांनी खिडकी बंद करावी तशी पडद्यावरची चौकट बंद केली. ‘जतन करायचं का?’ असं संगणकाने विचारलं. त्यांनी ‘नाही’वर बोट दाबलं.

संचालक समितीच्या खोलीच्या दाराशीच भेटले. त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या.

"काही उरत नाही," बाई म्हणाल्या.

जागा दुसऱ्याला गेली.

घरी सून स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून उभी होती. मुलगा टेबलाशी बसला होता. दोघांत काही बोलणं होऊन संपलेलं दिसत होतं.

"आई, एक विचारू?" सून वळली. चेहरा धुतलेला होता. "नीट जुळवलं तर काही उरेल का हो? मला आता माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही. तुम्ही एकदा बघाल? तुम्ही नाही म्हणालात तर सोडून देईन, पुन्हा विषय काढणार नाही."

"बघितलं मी दुपारीच."

"आणि?"

"काही नाही."

सुनेने मान हलवली. "तुम्ही बघितलंत म्हणजे झालं." थोड्या वेळाने म्हणाली, "बरं झालं तुम्ही विचारलंत. छापून आल्यावर कुणी विचारलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती."

मुलाने पत्नीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि पाणी प्यायला.

"दवाखान्यात ये तू माझ्या," तो शेवटी म्हणाला. "मदतीला माणूस लागतंच आहे. क्ष-किरणांचं नवं मशीन घेतलंय, ते कुणाला धड चालवता येत नाही."

"चांगलंय की," बाई म्हणाल्या, "क्ष-किरणच आहेत शेवटी. आकाश तेवढं लहान."

कुणी हसलं नाही. त्यांची तशी अपेक्षाही नव्हती.

त्यानंतर सून दवाखान्यात जाऊ लागली. मुदत संपली तेव्हा तिने संस्थेचं ओळखपत्र फाटकावरच देऊन टाकलं. घरात ती पूर्वीसारखीच वागे. आई म्हणे, चहा दिला की घेई. फाटकाशी होणारा तो बदल आता होतच नव्हता, कारण फाटकच उरलं नव्हतं. मुलगा म्हणायचा, हिच्या हातात जादू आहे; जुनी-नवी चित्रं अशी एकावर एक बसवते की दात महिन्याभरात केसभर हलला तरी सांगते. बाई म्हणायच्या, शिकवलेलं कधी वाया जात नाही.

बाईंच्या निवृत्तीचा दिवस जवळ आला. संस्थेने मोठा समारंभ ठरवला होता. सभागृहाच्या भिंतीवर त्या ढगाचं भलंमोठं चित्र लागणार होतं, मधे पोकळी, खाली बाईंचं नाव. मिशीवाले खास येणार होते. आणि नेमका त्याच सुमारास बाईंचा खालचा एक दात ठणकायला लागला.

दवाखान्याच्या खुर्चीत त्यांना सुनेनेच बसवलं, गळ्याशी कागदी रुमाल बांधला, अंगावर शिशाचं जड आवरण घातलं.

"तोंड उघडा, आई. आणखी. ही पट्टी दातांत धरा. बोलायचं नाही, पट्टी हलते."

ती भिंतीआड गेली, बटण दाबून आली, पट्टी जराशी फिरवून पुन्हा गेली. मग पडद्यावर मागच्या वर्षीचं चित्र आणि आजचं एकावर एक ठेवलं. बाई मान न हलवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होत्या. पट्टी अजून दातांतच होती.

"हे बघा, मुळाशी काळं आहे. मागच्या वर्षी नव्हतं." सुनेचा आवाज कामाचा होता, सपाट. "दुखणाऱ्या दाताला धरून नाही जुळवलं हं. शेजारचे धरले."

बाईंनी घशातून काहीतरी आवाज काढला.

"बोलू नका, सांगितलं ना. एक गंमत सांगू? एका बैठकीत काढलेली चित्रं असतात ना, त्यांत पेशंट हललेला नसतो. ती आधी आपापसांत जोडून घ्यायची, मग जुन्याशी जुळवायची. इथे कित्येक महिने हेच करत होते, आणि एक दिवस रिक्षात बसल्या बसल्या डोक्यात आलं, की आपली ती लहान निरीक्षणंही एकाच बैठकीतली होती." ती रुमाल नीट करायला वाकली. "जुनं सगळं तर सगळ्यांना खुलंच असतं. घरी बसून जोडलं. दिसलं, आई. जरासं डावीकडे. पसरट. आरशाने काढावं तसं."

बाईंनी पट्टी काढायला हात उचलला. सुनेने तो हळूच धरून परत खुर्चीच्या दांड्यावर ठेवला.

"मला सुचायला इतके महिने लागले. तुम्हाला त्याच दुपारी सुचलं असणार. त्यात तुम्हाला न सुचण्यासारखं काय आहे?"

तेवढ्यात मुलगा हातमोजे चढवत आत आला. त्याने पडद्याकडे पाहून जिभेने च्यक् केलं, पट्टी काढून घेतली, आणि बाईंनी शब्द जुळवायच्या आत हिरडीत सुई टोचली. मग तोंड उघडं राहावं म्हणून दाढांमध्ये रबराचा ठोकळा बसवला. ओठ जड होत गेले. जीभ आपली वाटेना.

"मी कुणाला बोलले नाही अजून," सून लाळ ओढायची नळी लावत म्हणाली. "चित्र तयार आहे. पर्समध्ये आहे, गोळ्यांच्या कप्प्यात. समारंभात शेवटी प्रश्नांना वेळ ठेवलाय ना हो, आई?"

"तिला काय विचारतेस, तिला बोलता येणार आहे का आता," मुलगा पाठमोरा हत्यारं लावत म्हणाला. "आई, दुखलं तर हात वर कर, बरं का."

थोरल्या बाईंनी हात वर केला.

मुलाने वळून पाहिलं. "अगं, अजून मी हातही लावलेला नाही."

सुनेने वरचा दिवा सासूच्या चेहऱ्यावर नीट वळवून घेतला.